ॲपवर हिरवे, जागेवर बंद: लातूर परिसरातील सार्वजनिक चार्जिंगचा अडथळा कसा ओळखावा

लातूर आणि आसपासच्या तालुक्यांत विजेवरची मोटार चालवणाऱ्यांकडून सर्वाधिक वेळा ऐकू येणारी तक्रार एका वाक्याची असते: ॲपवर चार्जर उपलब्ध दिसत होता, तेथे पोहोचल्यावर तो चालू झाला नाही. ही तक्रार खरी असते आणि मीही ती अनेकदा केलेली आहे. परंतु ती एवढ्याच शब्दांत केली तर तिचा उपयोग कोणालाच होत नाही, कारण ‘चालू झाला नाही’ या शब्दांआड वीजपुरवठ्याचा, यंत्राचा, मोबाइल नेटवर्कचा, पैसे भरण्याच्या व्यवस्थेचा, गाडीचा किंवा केवळ जागेचा दोष असू शकतो आणि यांतील प्रत्येक दोष दूर करणारा माणूस वेगळा असतो. पुण्यात एक चार्जर बंद निघाला तर थोड्याच अंतरावर दुसरा मिळतो. आपल्याकडे औसा, अहमदपूर, उदगीर किंवा अंबाजोगाईच्या रस्त्यावर तो दुसरा चार्जर कित्येकदा तीस-चाळीस किलोमीटर दूर असतो. म्हणून दोष नेमका कोठे आहे हे पाच-दहा मिनिटांत ओळखता येणे येथील चालकासाठी फार गरजेचे आहे.

पुढील माहिती मुख्यतः सीसीएस-२ या प्रकारच्या गनने, म्हणजे चार्जरच्या केबलच्या टोकाला असलेल्या मोठ्या प्लगने, डीसी जलद चार्जिंग घेणाऱ्या मोटारींसाठी आहे. दुचाकींचे प्लग आणि त्यांच्या अडचणी बऱ्याच वेगळ्या आहेत. या लेखातला घरगुती सॉकेटविषयीचा भाग मात्र दुचाकीस्वारांनाही तितकाच लागू पडतो.

प्रथम स्क्रीन पाहावी

चार्जरजवळ गेल्यावर गन उचलण्यापूर्वी त्याची स्क्रीन आणि वरचे दिवे पाहावेत. स्क्रीन पूर्ण काळी असेल तर यंत्रापर्यंत वीज पोहोचलेली नाही, असे बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. आपल्याकडचे बरेच चार्जर पेट्रोल पंपांवर आहेत आणि येथे आपली फसगत होते ती पंपावरचे दिवे चालू असलेले पाहून. लाईट गेली की पंपाचे दिवे आणि पेट्रोल-डिझेल सोडणारी यंत्रे जनरेटरवर चालतात, पण तीस किंवा साठ किलोवॅटचा चार्जर त्या जनरेटरला पेलणारा नसतो आणि म्हणून सहसा त्यावर जोडलेलाच नसतो. त्यामुळे पंपावरील माणसाला ‘चार्जर चालू आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘लाईट आहे की जनरेटर चालू आहे’ असे विचारावे. त्याचे उत्तर त्याला खात्रीने देता येते. वीज असूनही स्क्रीन काळी असेल तर चार्जरच्या पॅनेलमधला मुख्य ब्रेकर पडलेला असण्याची शक्यता असते. तो आपण स्वतः उचलू नये आणि पंपावरील कामगारालाही त्यासाठी गळ घालू नये. चार्जर कंपनीच्या हेल्पलाइनवर कळवून पंपाच्या व्यवस्थापकाला कंपनीकडून सूचना मिळू द्यावी.

स्क्रीन चालू आहे, पण त्यावर इमर्जन्सी स्टॉपचा इशारा आहे, ही दुसरी नेहमीची अवस्था होय. यंत्रावरचे लाल रंगाचे, छत्रीसारखे बटण एकदा दाबले गेले की ते आत अडकून राहते आणि कोणी सोडवेपर्यंत चार्जर कोणत्याही गाडीला वीज देत नाही. खेळणाऱ्या मुलांकडून, जागा धुणाऱ्या माणसाकडून किंवा चार्जिंग थांबवण्याचा हाच मार्ग आहे असे समजणाऱ्या आधीच्या चालकाकडून ते दाबले जाते. बटण का दाबले गेले, धूर किंवा ठिणगी दिसली होती का, हे तेथील माणसाला आधी विचारावे. तसे काही नसेल तर त्याच्या संमतीने बटण बाणाच्या दिशेने फिरवल्यावर ते बाहेर येते आणि यंत्र थोड्या वेळात पूर्ववत होते.

तिसरी अवस्था सर्वांत फसवी आहे आणि तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मला हा सारा विषय गंभीरपणे घ्यायला तिनेच भाग पाडले. गेल्या उन्हाळ्यात नांदेडहून परत येताना अहमदपूर ओलांडल्यावर एका पंपावर मी थांबलो, तेव्हा बॅटरी चौदा टक्के होती आणि लातूर अजून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर होते. ॲपवर चार्जर हिरवा होता, स्क्रीन चालू होती, गन नीट बसली, गाडीने तिला लॉक केले आणि दुसऱ्याच क्षणी सेशन संपल्याचा संदेश आला. हे चार वेळा झाले. हेल्पलाइनवरच्या व्यक्तीने यंत्र ऑनलाइन असल्याचे सांगितले, दुरून रीसेट केले, आणि पुन्हा तेच झाले. पंपावरील मुलगा म्हणाला, की दोन दिवसांपासून असेच चालले आहे आणि तक्रारही झाली आहे. स्क्रीनच्या कोपऱ्यात लहान अक्षरांत इंग्रजीत फेज तुटल्याची सूचना होती, ती पाचव्या प्रयत्नात माझ्या लक्षात आली.

डीसी चार्जरला तीनही फेजची वीज लागते. परंतु त्याची स्क्रीन, त्यातले सिमकार्ड आणि सर्व्हरशी बोलणारा भाग एकाच फेजवर चालू राहू शकतात. बाहेरच्या डीपीवर एका फेजचा फ्यूज गेला होता. उरलेल्या दोन फेजवर पंपाचा कारभार सुरळीत चालला होता, चार्जरची स्क्रीन चालू होती, सर्व्हरला यंत्र जिवंत दिसत होते आणि ॲपवर ते हिरवे होते. कोणीही खोटे बोलत नव्हते, तरी चार्जिंग होणे शक्य नव्हते. त्या रात्री व्यवस्थापकांच्या परवानगीने कार्यालयातल्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर मी दोन तास गाडी लावली, सुमारे सहा युनिट बॅटरीत गेले, तेवढ्या विजेत घरी पोहोचता आले आणि त्याचे पैसे मी त्यांना दिले. आधीची तक्रार ‘चार्जर बंद आहे’ अशी होती, रीसेट केल्यावर यंत्र ऑनलाइन दिसले म्हणून ती निकालात काढली गेली होती. माझ्या तक्रारीत स्क्रीनचे छायाचित्र आणि ‘एक फेज नाही’ हे शब्द होते, आणि ती चार्जर कंपनीकडून वीज कंपनीकडे योग्य ठिकाणी पोहोचली.

हिरव्या खुणेचा अर्थ

चार्जरमध्ये एक सिमकार्ड असते आणि त्यावरून तो ठरावीक अंतराने आपली स्थिती चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला कळवत असतो. हा संपर्क तुटला, तर काही ॲप यंत्र ऑफलाइन असल्याचे दाखवतात, पण काही ॲपवर शेवटची माहीत असलेली स्थितीच टिकून राहते. शिवाय आपण एका कंपनीचा चार्जर दुसऱ्या कंपनीच्या ॲपवर किंवा गूगल मॅप्सवर पाहत असू, तर माहिती आणखी एका हाताने आलेली असते आणि तिला उशीर होऊ शकतो. प्लगशेअरसारख्या, चार्जर शोधून देणाऱ्या ॲपवर तर मुख्य आधार वापरकर्त्यांनी लिहिलेल्या नोंदींचाच असतो, त्यामुळे तेथे रंगापेक्षा शेवटच्या नोंदीची तारीख पाहावी. म्हणून माझा नियम असा आहे, की ज्या कंपनीचा चार्जर आहे तिच्याच ॲपवर स्थिती पाहायची आणि शक्य असेल तेथे निघण्यापूर्वी पंपावर फोन करून ‘आज कोणाची गाडी चार्ज झाली का’ एवढाच प्रश्न विचारायचा. आज एक गाडी चार्ज झाली असल्याची माहिती मला कोणत्याही हिरव्या खुणेपेक्षा अधिक विश्वासार्ह वाटते.

यंत्र ऑफलाइन आहे, पण वीज आहे, अशा वेळी सगळे मार्ग बंद होत नाहीत. ज्यांच्याकडे त्या कंपनीचे आरएफआयडी कार्ड (यंत्राला टेकवून चार्जिंग सुरू करण्याचे कार्ड) आहे त्यांचे कार्ड काही यंत्रे नेटवर्कशिवायही स्वीकारतात. या भागात वारंवार फिरणाऱ्याने असे एखादे कार्ड काढून ठेवणे सोयीचे ठरते. कधी चार्जरचे नेटवर्क ठीक असते आणि आपल्याच मोबाइलला रेंज नसते; तेव्हा पंपाच्या वाय-फायवर किंवा दुसऱ्या कंपनीच्या सिमवर ॲप उघडून पाहावे.

याच ठिकाणी प्लगच्या प्रकाराचा उल्लेख करायला हवा. २०१७ मध्ये आखलेल्या भारत डीसी-००१ या मानकाचे, कमाल १५ किलोवॅटचे चार्जर काही सरकारी आवारांत बसवले गेले. नकाशावर ते ‘डीसी’ म्हणून दिसतात, परंतु त्यांची गन सीसीएस-२ गाडीला बसत नाही. तसेच काही एसी, म्हणजे मंद गतीच्या, चार्जरांना केवळ टाइप-२ प्रकारचे सॉकेट असते आणि केबल आपली आपण न्यावी लागते. ॲपमधील फिल्टरमध्ये आपल्या गाडीचा प्लग एकदा निवडून ठेवला की हा हेलपाटा कायमचा टळतो.

गन बसली, पण वीज वाहत नाही

चार्जिंग किती वेळाने थांबले, हा माझ्या मते निदानातला सर्वांत उपयोगी प्रश्न आहे. गन लावल्यानंतर गाडी आणि चार्जर प्रथम एकमेकांना ओळखतात, मग चार्जर केबलचे इन्सुलेशन तपासतो, नंतर दोन्हीकडचा दाब जुळवला जातो आणि त्यानंतरच प्रवाह सुरू होतो. हे सारे एखाद्या मिनिटाच्या आत होते. त्या मिनिटातच सेशन तुटत असेल तर दोष गन, केबल, गाडी यांच्यातल्या संवादात किंवा वर सांगितल्याप्रमाणे फेजमध्ये शोधावा. दहा-पंधरा मिनिटे वीज वाहून मग चार्जिंग थांबत असेल तर उष्णता किंवा विजेचा दाब यांकडे पाहावे.

पहिल्या प्रकारात सर्वांत साधे कारण गनचे वजन हे असते. डीसी केबल जड असते, ती खाली ओढली जाते आणि गन किंचित तिरकी बसते. अशा वेळी गन पूर्ण आत ढकलून, तळहाताने खालून आधार देऊन धरावी आणि मग ॲपवरून सुरुवात करावी. गाडीने लॉक केल्याचा आवाज आल्यानंतर हात काढावा. तरीही जमले नाही तर ॲपमधले अर्धवट सेशन रीतसर संपवावे, गन काढावी, गाडी बंद करून कुलूप लावावे, दोन-तीन मिनिटे थांबावे आणि दुसरी गन असेल तर ती वापरून पाहावी. आधीचे सेशन बंद न करता पुन्हा पुन्हा प्रयत्न केल्याने यंत्र अधिकच गोंधळते. हे मी माझ्यासकट अनेकांना करताना पाहिले आहे.

स्क्रीनवर इन्सुलेशनचा दोष येत असेल तर मोबाइलचा दिवा लावून गनचे आणि गाडीच्या सॉकेटचे तोंड पाहावे. पावसाळ्यात गन हुकावर न अडकवता जमिनीवर टाकून दिलेली असली की तिच्यात पाणी आणि काळ्या मातीचा चिखल जातो. उन्हाळ्यात बारीक धूळ बसते. आत पाणी, वितळलेले प्लास्टिक किंवा जळाल्याचा काळा डाग दिसला तर ती गन कोणत्याही कारणासाठी वापरू नये आणि पिनांना बोट, पिन किंवा ओला कपडा लावू नये. आपले चार्जिंग झाल्यावर गन टोपी लावून हुकावर अडकवणे हे आपल्या हातात आहे आणि पुढच्या माणसाचा अर्धा त्रास त्यानेच वाचतो.

एकाच गाडीला एकाच चार्जरवर अडचण येते आणि इतर गाड्या तेथे चार्ज होतात, असे आढळले तर चार्जर कंपनीला दोष देण्यापूर्वी गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अद्ययावत आहे का हे विचारावे.

मध्येच थांबणे आणि मंद चालणे

लातूर, नांदेड, परभणी पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत तापमान चाळिशीच्या वर जाते आणि पत्र्याच्या सावलीशिवाय उभा असलेला चार्जर दुपारी तापतो. आतले तापमान मर्यादेपलीकडे गेले की यंत्र आधी वेग कमी करते आणि मग थांबते. धुळीने भरलेल्या जाळ्या आणि पंखे यांमुळे हे लवकर घडते. चालकाला त्यावर एकच उपाय आहे: उन्हाळ्यात जलद चार्जिंग सकाळी लवकर घ्यावे आणि तक्रार करताना ‘दुपारी तीन वाजता, वीस मिनिटांनी थांबले’ असे वेळेसह लिहावे, म्हणजे तंत्रज्ञ जाळी साफ करण्याच्या तयारीने येईल. संध्याकाळी थांबत असेल तर दाब कमी होण्याची शक्यता अधिक असते. ग्रामीण फीडरवर शेतीपंप एकाच वेळी सुरू झाल्यावरही असे होते, आणि त्याचा इलाज चार्जर कंपनीच्या हातात नसून वीज कंपनीच्या हातात असतो.

मंद चार्जिंग हा मात्र पुष्कळदा दोष नसतोच. साठ किलोवॅटच्या दोन गनच्या यंत्रावर दोन गाड्या लागल्या की साधारणतः प्रत्येकीला तीस किलोवॅटच मिळतात. गाडीची स्वतःची कमाल मर्यादा त्याहून कमी असेल तर यंत्र कितीही मोठे असले तरी फरक पडत नाही. तीस युनिटच्या बॅटरीला वीस टक्क्यांवरून ऐंशी टक्क्यांपर्यंत अठरा युनिट लागतात आणि तीस किलोवॅटच्या आसपास वेग मिळाला तर त्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे लागणे स्वाभाविक आहे. ऐंशीनंतर बॅटरी स्वतःच वेग आवरते. मागे गाडी उभी असताना ऐंशी ते शंभरसाठी आणखी तासभर गन अडवून ठेवणे योग्य नाही, असे मला मनापासून वाटते. तेवढी वीज घरी रात्रभरात सावकाश भरता येते.

पैसे भरण्याविषयी थोडक्यात: वॉलेटमध्ये पुरेशी रक्कम नसेल तर काही ॲप सेशन सुरूच करत नाहीत आणि कारणही स्पष्ट सांगत नाहीत. दराच्या वर १८ टक्के जीएसटी लागतो, हे धरून रक्कम भरावी. ओटीपी आणि नोंदणीची कामे घरी, चांगल्या नेटवर्कवर, प्रवासाच्या आदल्या दिवशी करावीत. अयशस्वी सेशनचे अडकलेले पैसे बहुधा वॉलेटमध्ये परत येतात. न आल्यास सेशन क्रमांकासह मागावेत.

यंत्र ठीक, पण जागा मिळत नाही

मार्च २०२३ मध्ये केंद्र सरकारने तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग केंद्रांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले आणि आपल्या भागात जे चार्जर दिसू लागले त्यांतले बरेच पेट्रोल पंपांवरच आहेत. त्यामुळे पंपाच्या ज्या अडचणी, त्याच चार्जिंगच्या अडचणी होतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या डिझेलसाठी रांगेत उभ्या राहतात आणि चार्जरसमोरची मोकळी जागा त्यांना सोयीची वाटते. ट्रॉली मागे घेणे सोपे नसते, म्हणून वाद घालण्यापेक्षा केबल किती लांब आहे आणि गाडी उलटी किंवा बाजूने लावून गन पोहोचते का, हे आधी पाहावे. बऱ्याच वेळा पोहोचते. पंप रात्री बंद होत असेल तर साखळी कोण उघडतो, हे दिवसा विचारून ठेवावे. मोटारविक्रेत्यांच्या शोरूममधले चार्जर नकाशावर दिसतात, पण ते कामाच्या वेळेपुरते आणि कधी केवळ त्यांच्या गाड्यांसाठी असतात. रविवारी त्यांच्या भरवशावर निघू नये. क्लासेसमध्ये शिकणाऱ्या मुलांना भेटायला रविवारी बाहेरगावचे पालक लातुरात येतात आणि नेमक्या त्याच दिवशी उरलेल्या चार्जरवर गर्दी असते.

सोलापूरकडे जाणाऱ्यांनी वर्षातून एकदा आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. कोजागरीच्या सुमारास लाखो भाविक पायी तुळजापूरला येतात आणि सोलापूर-तुळजापूर रस्ता वाहनांना बंद करून वाहतूक वळवली जाते. नेहमीचे सव्वाशे किलोमीटरचे अंतर त्या दिवसांत वाढते आणि ठरवलेला चार्जर वाटेतच येत नाही. एरवीसुद्धा ज्या चार्जरवर आपण थांबणार आहोत तो बंद निघाला तर त्याच्या पुढच्या चार्जरपर्यंत पोहोचता येईल इतकी बॅटरी शिल्लक ठेवूनच पोहोचावे. गाडीतला एसी चालू ठेवून मे महिन्यात होणारा खप यासाठी धरावा, पावसाळ्यातला नव्हे.

पंधरा अँपिअरचा आधार आणि अर्थिंग

सर्व उपाय थकले की लॉज, नातेवाइकांचे घर किंवा ओळखीचे दुकान येथील १५ अँपिअरचे सॉकेट उरते. त्यावर तासाला सुमारे तीन युनिट मिळतात, म्हणजे गाडीनुसार साधारण वीस किलोमीटर. परंतु मराठवाड्यात या शेवटच्या आधारालाही एक ठरलेला अडथळा येतो. गाडीसोबतचा चार्जर लावताच त्यावर लाल दिवा लागतो आणि घरमालक म्हणतात, की याच सॉकेटवर गिझर चालतो, मग गाडीलाच काय झाले. गिझर अर्थिंग तपासत नाही. गाडीचा चार्जर तपासतो आणि अर्थिंग नसल्यास वीज घेण्यास नकार देतो. तो आपल्या जिवासाठीच नकार देतो.

आपल्या काळ्या मातीचा गुण असा, की उन्हाळ्यात ती भेगाळते, खड्ड्यातला कोळसा आणि मीठ कोरडे पडते आणि पावसाळ्यात उत्तम असलेले अर्थिंग मेमध्ये नाममात्र उरते. म्हणून एकच घर डिसेंबरात गाडी चार्ज करते आणि मेमध्ये करत नाही. घरमालकाच्या परवानगीने अर्थिंगच्या खड्ड्यात दोन-तीन बादल्या पाणी ओतून अर्धा तास थांबल्यावर लाल दिवा जाऊन हिरवा लागल्याचे मी एकापेक्षा अधिक ठिकाणी पाहिले आहे. कायमचा उपाय अर्थातच वायरमनकडून खड्डा नव्याने भरून घेण्याचा किंवा नवे अर्थिंग करण्याचा आहे, आणि न्यूट्रल व अर्थ यांच्यातला दाब मीटरने मोजून तो दोन-तीन व्होल्टच्या आसपास आहे ना हे पाहण्याचा आहे. दुसरे कारण उलट्या तारांचे असते. अर्थचे भोक वर ठेवून सॉकेटकडे पाहिल्यास फेज उजव्या हाताला हवा. जुन्या घरांत तो डावीकडे असतो आणि काही चार्जर तेही मान्य करत नाहीत. वायरमनचे हे पाच मिनिटांचे काम असते.

काही जण अर्थची पिन न्यूट्रलला जोडून लाल दिवा घालवतात. हे कधीही करू नये. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात वीज येते आणि ओल्या जमिनीवर उभे राहून दार उघडणाऱ्याचा जीव जाऊ शकतो. साध्या एक्स्टेंशन बोर्डवर तासन्‌तास गाडी लावणेही तितकेच धोक्याचे आहे. प्लग अर्ध्या तासाने हाताला गरम लागला तर प्रवाह कमी करावा किंवा चार्जिंग थांबवावे. ज्यांच्या घरी कायमची सोय करायची आहे त्यांना २०२४ मध्ये झालेल्या वीज ग्राहक हक्क नियमांतील दुरुस्तीनुसार गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते.

तक्रार कोणाकडे आणि कोणत्या शब्दांत

दोष पुन्हा पुन्हा का येतो, याचे माझ्या दृष्टीने मुख्य कारण यंत्रांचा दर्जा हे नाही. जागा पंपमालकाची किंवा हॉटेलवाल्याची, यंत्र आणि ॲप चार्जर कंपनीचे, वीज वीज कंपनीची, आणि प्रत्येकाला दोष दुसऱ्याकडे असल्याचे प्रामाणिकपणे वाटते. शिवाय तंत्रज्ञ येतो तो पुण्याहून किंवा छत्रपती संभाजीनगरहून. चुकीच्या माहितीवर तो एकदा येऊन गेला की पुढच्या खेपेला बरेच दिवस जातात. राज्याच्या २०२१ च्या विद्युत वाहन धोरणात शहरनिहाय चार्जिंग केंद्रांची उद्दिष्टे दिली होती. त्यांत तेव्हाच्या औरंगाबादसाठी ७५ आणि सोलापूरसाठी २० केंद्रे होती. लातूर, नांदेड, परभणी त्या यादीत नव्हती. येथे यंत्रेच थोडी आहेत, म्हणून जी आहेत ती चालू राहणे अधिक महत्त्वाचे ठरते आणि आपली तक्रार अचूक असणेही.

तक्रारीत चार्जरचा क्रमांक, गन पहिली की दुसरी, दिनांक आणि वेळ, स्क्रीनवरील शब्द जसेच्या तसे, किती मिनिटांनी थांबले, त्या वेळी वीज होती की जनरेटर, आणि दुसऱ्या गाडीला तोच अनुभव आला का, एवढे असावे. स्क्रीनचे छायाचित्र जोडावे आणि तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नये. ‘रीसेट केले आहे, आता पाहा’ असे उत्तर आले तर तेथे उभे असतानाच पुन्हा प्रयत्न करून निकाल त्याच फोनवर सांगावा. यंत्र ऑनलाइन दिसते म्हणून तक्रार बंद होण्याचा प्रकार येथेच अडवता येतो. फेज नसणे किंवा दाब कमी असणे हे कारण असेल तर जोडणी ज्यांच्या नावावर आहे त्या पंपमालकांना महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवायला सांगावे, कारण ग्राहक क्रमांक त्यांच्याकडेच असतो. चार्जिंग केंद्रांसाठी राज्यातली नोडल, म्हणजे समन्वय पाहणारी, संस्थाही महावितरणच आहे.

आम्ही काही गाडीमालक मोबाइलवरच्या एका गटात प्रत्येक चार्जिंगनंतर एक ओळ लिहितो: जागा, गन, वेळ, मिळालेले युनिट, मिळालेला वेग. अयशस्वी झाले तर स्क्रीनवरचे शब्द. गप्पा, शुभेच्छा आणि बातम्या त्या गटात टाकायच्या नाहीत असे ठरले आहे, म्हणून तो वाचला जातो. सोलापूरकडे किंवा नांदेडकडे निघणारा माणूस ॲप उघडण्यापूर्वी तेथे आदल्या दिवसाची ओळ शोधतो.

अहमदपूरच्या पुढच्या त्या पंपावर चार्जरचा क्रमांक, हेल्पलाइनचा क्रमांक, जोडणीचा ग्राहक क्रमांक आणि १९१२ असे चार आकडे मोठ्या अक्षरांत लिहून तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कार्यालयाच्या काचेवर लावायची विनंती मी व्यवस्थापकांना केली होती आणि त्यांनी ती मान्य केली. पावसाळ्यात तेथे पुन्हा एकदा फेज गेला, तेव्हा रात्रपाळीच्या मुलाने तो कागद पाहून स्वतःच फोन लावला. सकाळी मी तेथे पोहोचलो तेव्हा गन चालू होती.